चुन्याखालची अक्षरे

कळमन्याच्या बाजारात दिवस सूर्योदयापूर्वीच सुरू होतो. धान्याची पोती, मिरचीचे ढीग, हंगामात संत्र्यांनी भरलेल्या गाड्या, लिलाव पुकारणारे अडते, वजन सांगणारे मापारी आणि पाठीवर ओझे घेऊन वाट काढणारे हमाल असा तो गजबजाट असतो. या गजबजाटात एक वस्तू मात्र कोणीही हातची सोडत नाही, आणि ती म्हणजे कागदाची लहानशी चिठ्ठी. काटापट्टीवर वजन उतरते, अडत्याच्या वहीत नाव चढते. माल विकला जातो, गाडी निघून जाते, पण कोणी, कोणाला, कधी आणि किती दिले याची साक्ष त्या कागदावर राहते. जुनी वही फाडून टाकून नव्या वहीचे पूजन करणारा व्यापारी बाजारात फार दिवस टिकत नाही, हे तेथील लहान मुलालाही ठाऊक असते.

याच कळमन्यावरून रामटेकची वाट जाते. इतवारीहून सुटणारी रामटेकची गाडी कळमना, कामठी, कन्हान अशी स्थानके घेत पुढे सरकते. रस्त्याने जाणाऱ्यांना कामठी आणि कन्हान ओलांडून मनसरला उजवीकडे वळावे लागते. पूर्व नागपुरातील जैन कुटुंबांना ही वाट पाठ असते. सणावाराला, मुनिसंघाचे आगमन झाले म्हणजे, अथवा घरात एखादे शुभकार्य ठरले म्हणजे श्री शांतिनाथ भगवंतांच्या दर्शनासाठी रामटेकची फेरी होतेच. दर्शन होते, अभिषेक होतो, भोजनशाळेत प्रसन्न मनाने जेवण होते आणि तिन्हीसांजेच्या आत मंडळी घरी परततात. ज्या भूमीवरून ही फेरी होते त्या भूमीने स्वतःची वही कशी सांभाळली आणि कोठे कोठे ती हरवली, हे पाहण्यासाठी मात्र वाटेत क्वचितच कोणी थांबतो.

रामटेक हा नागपूर जिल्ह्याचा एक तालुका. तालुका म्हटला की तहसील कचेरी, पंचायत समिती आणि आठवडी बाजार डोळ्यांसमोर येतात. परंतु भारतवर्षात असे तालुके फार थोडे असतील, जेथे थोड्या कोसांच्या परिघात बौद्ध, शैव, वैष्णव, महानुभाव आणि जैन या पाचही परंपरांच्या खुणा एकमेकींच्या इतक्या जवळ उभ्या आहेत. मध्यभागी रामगिरीची टेकडी, तिच्या पायथ्याशी शांतिनाथांचे अतिशय क्षेत्र, पश्चिमेस पाच-सहा किलोमीटरवर मनसर आणि दक्षिणेस नगरधन. या चार ठिकाणांना जोडणाऱ्या वाटेवर दीड हजार वर्षांचा इतिहास पसरलेला आहे.

प्रथम नगरधन. आज तेथे जो किल्ला दिसतो तो पुष्कळ अलीकडच्या काळातला. परंतु गावाचे नाव जुने आहे. वाकाटक राजांचे नंदिवर्धन ते हेच, असे विद्वानांचे मत आहे. वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची पट्टराणी प्रभावतीगुप्ता ही मगधसम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. पतीचे अकाली निधन झाले, पुत्र लहान होते, आणि इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी या स्त्रीने विदर्भाचे राज्य स्वतः चालविले. तिचा एक ताम्रपट नंदिवर्धनातून दिलेला आहे. तो पुढे पुण्यात एका तांबट कुटुंबाकडे सापडला. तांबटाच्या घरात तांब्याचा पत्रा म्हणजे भट्टीत जाणारा कच्चा माल. तो वितळून त्याची घागर झाली असती तर कोणालाही नवल वाटले नसते. तसे घडले नाही म्हणून एका राणीचा पितृवंश, तिचा पती, तिचे पुत्र आणि तिचे दान या सर्वांची नोंद इतिहासाला मिळाली. २०१५ ते २०१८ या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्याचे पुरातत्त्व खाते यांनी नगरधनला उत्खनन केले, तेव्हा तिच्या नावाची मातीची मुद्रा हाती आली. त्या मुद्रेवर शंखाचे चिन्ह आहे. ताम्रपटाने सांगितलेली गोष्ट मातीने पुन्हा सांगितली.

प्रभावतीचा दुसरा ताम्रपट रिद्धपूरचा. तो रामगिरिस्वामींच्या चरणांपासून दिलेला आहे. म्हणजे पाचव्या शतकात रामगिरीवर विष्णुरूपी देवतेचे पूजास्थान होते आणि तेथे बसून राणी दानपत्र देत होती. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हीच टेकडी कालिदासाच्या मेघदूतातील रामगिरी होय, असे प्रतिपादन केले. त्याच नात्याने १९९७ मध्ये येथे कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय स्थापन झाले. टेकडीवर केवल नरसिंह, रुद्र नरसिंह, वराह, त्रिविक्रम, भोगराम अशी वाकाटककालीन स्थाने आहेत. भोगराम आज महानुभाव पंथाचे वंदनीय स्थान आहे. गुजरातेतून रामटेकच्या यात्रेला निघालेले हरिपाळदेव वाटेत रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंना भेटले आणि पुढे चक्रधर या नावाने त्यांनी मराठी भाषेला आद्य गद्याची प्रेरणा दिली, ही कथा महानुभाव वाङ्मयात आहे. टेकडीवरील लक्ष्मण मंदिरातील यादवकालीन शिलालेखात रामचंद्रदेव यादवाच्या काळातील रामगिरीचा आणि तेथील तीर्थांचा महिमा कोरलेला आहे. पुढे नागपूरकर भोसल्यांनीही या स्थानाची सेवा केली. प्रत्येक शतकाने या टेकडीवर आपला हात फिरविला.

या फिरणाऱ्या हातांचे दोन परिणाम झाले. देवळे उभी राहिली, हा एक. दुसरा परिणाम केवल नरसिंह मंदिराच्या भिंतीने सांगितला. लाल दगडाची ती भिंत पिढ्यान्‌पिढ्या चुन्याने रंगविली जात होती. प्रत्येक हात श्रद्धेचा होता. देवाचे घर स्वच्छ आणि शुभ्र दिसावे एवढीच इच्छा त्यामागे होती. थरावर थर चढत गेले. १९८० च्या दशकाच्या आरंभी हे थर काढण्यात आले, तेव्हा खालून अक्षरे डोकावली. डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी या लेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले आणि १९९३ मध्ये हान्स बाकर व हरुनागा आयझॅकसन या अभ्यासकांनी त्याचे सविस्तर वाचन प्रसिद्ध केले. लेख खंडित आहे, अनेक अक्षरे कायमची गेली आहेत. जे उरले त्यावरून अभ्यासक असे सांगतात की, हे मंदिर प्रभावतीगुप्तेच्या पुण्यस्मरणार्थ तिच्या कन्येने उभारले आणि त्यातील देवतेला प्रभावतीस्वामी असे नाव दिले. एका लेकीने आईसाठी बांधलेले देऊळ! हजारो यात्रेकरू त्या भिंतीला हात टेकवून गेले, पण त्या हाताखाली आईचे नाव आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. ज्या चुन्याने ते नाव झाकले तो चुनाही भक्तीचाच होता.

आता पश्चिमेकडील मनसर. येथील तलावाकाठच्या टेकडीला लोक हिडिंबा टेकडी म्हणतात. १९७२ मध्ये या परिसरात लाल दगडाची अत्यंत सुंदर शिवमूर्ती मिळाली. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पुढे १९९७-९८ पासून जगत्पती जोशी आणि अरुणकुमार शर्मा या ज्येष्ठ पुरातत्त्वज्ञांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन झाले. त्यामागची प्रेरणा मात्र एका बौद्ध भिक्षूची होती. भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई हे मूळचे जपानचे. थोर बौद्ध आचार्य नागार्जुन यांनी स्वप्नात नागपूरला जाण्याचा आदेश दिला, अशी त्यांची श्रद्धा. त्या श्रद्धेने ते नागपूरला आले आणि येथलेच झाले. रामटेकच्या परिसरात नागार्जुनाच्या नावाची टेकडी आहेच. आचार्यांचे वास्तव्य याच भूमीत होते, या दृढ भावनेतून मनसरच्या उत्खननास चालना मिळाली.

मातीतून जे वर आले ते कोणा एकाच्या पक्षाचे नव्हते. उत्खननकर्त्यांनी तेथे स्तूप आणि विहार ओळखले. त्याच टेकडीवर विटांच्या भव्य चौथऱ्यांवर शिवलिंगे आणि शैव मूर्ती मिळाल्या. ‘प्रवरेश्वर’ या नावाच्या मुद्रा मिळाल्या, आणि प्रभावतीचा पुत्र दुसरा प्रवरसेन याने वसविलेले प्रवरपूर ते हेच, असे मत पुढे आले. त्यावर वाद झाला आणि तो अजून शमलेला नाही. बौद्ध उपासकांना टेकडी आपली वाटते, शिवभक्तांना आपली. ज्यांना दोन्हीकडचे पुरावे ठाऊक आहेत ते सांगतात की, एकाच स्थानी निरनिराळ्या काळी निरनिराळ्या परंपरा नांदल्या आणि एकीच्या विटेवर दुसरीची वीट बसली. अनेकान्ताचे संस्कार ज्यांच्या घरी आहेत त्यांना हे समजणे अवघड नाही. वस्तूचा एक धर्म पाहून तोच संपूर्ण मानला की आग्रह जन्म घेतो. पुरातत्त्वाचा खड्डा मात्र थराथराने खाली जातो आणि प्रत्येक थराला त्याची स्वतंत्र ओळख देतो. मनसरची टेकडी पाहणाऱ्याने ती कोणाची असे विचारण्यापेक्षा कोणत्या शतकात कोणाची असे विचारले, तर ती पुष्कळ काही सांगते.

नागार्जुनाच्या शोधात आणखी एक पथिक मध्य भारतात येऊन गेला होता. चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग याचा प्रवास इ. स. ६२९ ते ६४५ असा झाला. त्याने कोसल देशाचे वर्णन करताना आचार्य नागार्जुन आणि त्यांच्यासाठी डोंगर पोखरून खोदलेल्या विहाराची कथा नोंदविली. हे स्थान कोणते यावर विद्वानांत एकमत नाही. कनिंगहॅमने कोसलाची राजधानी चंद्रपूरकडील भांदक येथे शोधली, तर मनसरचे पुरस्कर्ते ते स्थान येथे पाहतात. जैन वाचकांनी याच यात्रेकरूचे आणखी एका कारणासाठी स्मरण ठेवावे. तो बौद्ध भिक्षू होता, तरीही जेथे जेथे निर्ग्रंथ मुनी दिसले तेथे त्यांची नोंद करण्यास तो चुकला नाही. बंगालमधील पुंड्रवर्धनात दिगंबर निर्ग्रंथांची संख्या मोठी होती हे आज जे ठाऊक आहे, ते त्याच्याच लेखणीमुळे. दुसऱ्याच्या घराची वहीसुद्धा त्याने प्रामाणिकपणे लिहिली.

या यात्रेकरूच्या मायदेशात रामटेकच्या तालुक्याला शोभेल असा एक जुडवा भाऊ आहे. उत्तर चीनच्या शान्शी प्रांतातील वूताई हा तालुका. पाच शिखरांच्या वूताई पर्वतावर बोधिसत्त्व मंजुश्री वास करतात, अशी चिनी बौद्धांची श्रद्धा आहे. शेकडो वर्षे तेथे यात्रा भरते, मठांमागून मठ उभे आहेत, आणि २००९ मध्ये या पर्वताला जागतिक वारशाचा मान मिळाला. यात्रेकरूंची मुख्य गर्दी असते ती पर्वताच्या मध्यभागी. तेथील मंदिरांवर सम्राटांनी आणि श्रीमंतांनी सढळ हाताने धन ओतले. देऊळ जुने झाले की पाडले, नवे बांधले. रंग उडाला की पुन्हा रंगविले. त्यामुळे तेथे वैभव भरपूर, पण अतिप्राचीन असे फारसे उरले नाही. खरे प्राचीन उरले ते तालुक्याच्या आडवळणाच्या गावांत, जेथे दान देणारे पोहोचलेच नाहीत. नानछान हे तेथील छोटेसे मंदिर इ. स. ७८२ मधले, चीनमधील आज उभ्या असलेल्या लाकडी इमारतींत ते सर्वांत जुने मानले जाते. इ. स. ८४५ मध्ये सम्राटाने बौद्ध मठांचा विध्वंस मांडला, त्यातूनही ते वाचले. लहान होते, दूर होते, गरीब होते म्हणून वाचले.

दुसरे मंदिर फोगुआंग. १९३७ च्या उन्हाळ्यात लियांग स्सुछंग आणि त्यांच्या पत्नी लिन ह्वेयिन हे वास्तुशास्त्राचे अभ्यासक दांपत्य खेचरांवर बसून डोंगरवाटेने तेथे पोहोचले. एवढे जुने लाकडी मंदिर आपल्या देशात शिल्लकच नाही, असा तोवर समज होता. मंदिर जुने दिसत होते, पण किती जुने याला पुरावा नव्हता. छताखालच्या अंधारात धुळीचे थर होते आणि वटवाघळांची वस्ती होती. एके दिवशी लिन ह्वेयिन यांना उंच तुळईवर शाईची पुसट अक्षरे दिसली. शिड्या बांधून, ओल्या फडक्यांनी तुळया पुसून त्या वाचल्या. एका दात्या उपासिकेचे नाव निघाले : निंग कुंगयू. तेच नाव मंदिरासमोरच्या दगडी स्तंभावरही होते आणि तेथे वर्ष होते, इ. स. ८५७. एवढेच नव्हे, मंदिरात एका कडेला बसलेली जी साधी स्त्रीमूर्ती होती, ती त्याच दात्रीची असल्याचे उमगले. जवळजवळ अकराशे वर्षे ती बाई स्वतः बांधलेल्या देवळात शांतपणे बसून होती आणि तिचे नाव तुळईवर धुळीखाली होते.

रामगिरीवर आईसाठी देऊळ बांधणारी एक लेक आणि वूताईच्या डोंगरात बुद्धासाठी देऊळ बांधणारी एक उपासिका. देश वेगळे, दैवते वेगळी, मधे सुमारे चार शतकांचे अंतर. दोघींनीही आपले दान अक्षरांत नोंदविले. एकीची अक्षरे चुन्याखाली गेली, दुसरीची धुळीखाली. धूळ पुसता येते. तुळईवरची शाई संपूर्ण वाचता आली. चुना काढावा लागतो, आणि तो निघताना काही अक्षरे वाचतात, काही वाचत नाहीत. दुर्लक्षाने झालेली हानी भरून निघू शकते, पण अविचारी सेवेने झालेली हानी पुष्कळदा भरून निघत नाही. हाच या दोन तालुक्यांचा धडा आहे, आणि तो जैन समाजाने मनावर घेण्यासारखा आहे, कारण मंदिरांची सेवा करण्यात हा समाज कधीच मागे राहिलेला नाही.

रामटेकच्या शांतिनाथ क्षेत्राकडे पाहावे. पिवळसर पाषाणातील साडेतेरा फूट उंचीची खड्गासन प्रतिमा पाहताच मन आपोआप शांत होते. परंपरा अशी सांगते की, भोसले राजाचा एक जैन प्रधान राजाबरोबर रामदर्शनास आला. जिनदर्शनाशिवाय अन्न घ्यायचे नाही असा त्याचा नियम. राजा जेवायला बसला, प्रधान उपाशी राहिला. शोध घेता घेता झाडीत ही भव्य प्रतिमा दिसली, प्रधानाचे व्रत पाळले गेले आणि राजाच्या आश्रयाने क्षेत्राचा उदय झाला. आचार्य श्री विद्यासागरजी महाराजांचे १९९३, १९९४, २००८, २०१३ आणि २०१७ मधील चातुर्मास या क्षेत्री झाले आणि विदर्भातीलच नव्हे तर देशभरातील श्रावकांची पावले इकडे वळली. क्षेत्राचा विस्तार झाला. हे सर्व आनंदाचे आहे. जेथे विस्तार होतो तेथे जीर्णोद्धारही होतो, आणि जेथे जीर्णोद्धार होतो तेथे एक प्रश्न विचारावाच लागतो : जुन्या वेदीखाली, जुन्या पीठावर, जुन्या भिंतीत काही लिहिलेले होते काय?

हा प्रश्न एका क्षेत्राचा नाही. विदर्भातील जवळजवळ प्रत्येक जुन्या जिनमंदिरात प्रतिमालेख आहेत. प्रतिमेच्या पादपीठावर दोन-तीन ओळींत संवत, मास, तिथी, मूलसंघ, सरस्वती गच्छ, बलात्कार गण, प्रतिष्ठा करणाऱ्या भट्टारकांचे नाव, दात्याची ज्ञाती, गोत्र, त्याचे वडील, त्याची भार्या, त्याचे पुत्र अशी नोंद असते, आणि शेवटी हे सर्वजण नित्य प्रणाम करतात असे सांगितलेले असते. डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांनी अशा लेखांच्या आणि ग्रंथप्रशस्तींच्या आधारे ‘भट्टारक संप्रदाय’ हा ग्रंथ सिद्ध केला आणि १९५८ मध्ये तो सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाला. कारंजा, नागपूर आणि सबंध विदर्भाच्या जैन इतिहासाचा तो आजही आधार आहे. त्या ओळी वाचता आल्या नसत्या तर तो ग्रंथ झालाच नसता.

याचे आणखी एक उदाहरण घराघरांत ठाऊक असायला हवे. उत्तर आणि मध्य भारतातील असंख्य दिगंबर मंदिरांत संवत १५४८, वैशाख शुद्ध ३ या तिथीच्या लहान संगमरवरी प्रतिमा आढळतात. सेठ जीवराज पापडीवाल यांनी भट्टारक जिनचंद्रांच्या हस्ते हजारो प्रतिमांची एकाच वेळी प्रतिष्ठा करवून त्या गावोगावी पाठविल्या. इसवी सन १४९१ च्या सुमाराचा तो काळ मोठ्या अस्वस्थतेचा होता, तरी एका गृहस्थाची श्रद्धा केवढी विशाल होती, हे पाचशे वर्षांनंतर कशावरून समजते? केवळ पादपीठावरच्या दोन ओळींवरून. त्या ओळी घासल्या गेल्या तर प्रतिमा राहील, पूजाही चालू राहील, पण जीवराजांचे नाव त्या गावातून पुसले जाईल.

आणि जीवराजांचे नाव निदान इतरत्र तरी उरेल. प्रतिमालेखांत ‘भार्या’ या शब्दापुढे जे नाव येते त्या श्राविकेची दुसरी नोंद जगात कोठेच नसते. तिने वही ठेवली नाही, ग्रंथ लिहिला नाही, तिचा फोटो नाही, तिच्या नावाचा रस्ता नाही. पाच-सात अक्षरांचे ते नाव, हेच तिचे सर्व उरलेले जीवन. प्रभावतीच्या लेकीसारखी, वूताईच्या उपासिकेसारखी तीही आपल्या दानाच्या पायाशी बसून आहे. तिला पुसून टाकण्याचा अधिकार कोणाला आहे?

पुसण्याची इच्छा अर्थातच कोणाचीही नसते. घडते ते असे. धातूची प्रतिमा उजळावी म्हणून चिंचेने आणि पूडीने घासली जाते. पन्नास वर्षांत पाठीमागची अक्षरे सपाट होतात. जुन्या वेदीवर नवी फरशी येते आणि पादपीठाचा खालचा भाग सिमेंटमध्ये बुडतो. कोरीव दगडी चौकट चकचकीत रंगाने झाकली जाते. मंदिर पाडून नवे बांधताना जुने दगड भरावात जातात. प्रत्येक वेळी पंच भले असतात, कारागीर भला असतो, दाता तर फारच भला असतो. रामगिरीवर चुना लावणारेही भलेच होते.

उपाय महागडे नाहीत. प्रत्येक जुन्या मंदिराने एक वही करावी. तिच्यात मंदिरातील प्रत्येक प्रतिमेचा क्रमांक, माप, पाषाण की धातू ही माहिती आणि पादपीठावरील लेख उतरवून ठेवावा. अक्षरे ठळक दिसावीत म्हणून त्यांवर खडू, तेल, शाई अथवा कुंकू फासू नये. अंधारात बॅटरीचा प्रकाश एका बाजूने तिरपा टाकला की झिजलेली अक्षरेही सावलीने उठून दिसतात, आणि मोबाइलने त्यांचे छायाचित्र घेता येते. जे वाचता येत नाही ते अंदाजाने लिहू नये. तेवढी जागा मोकळी ठेवावी, पुढे कोणी जाणकार ती भरील. प्रक्षाल करताना लेखाच्या भागावर केवळ मऊ वस्त्र फिरवावे. जीर्णोद्धाराचा ठराव करण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याचा अथवा विद्यापीठातील तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, आणि काढलेला एकही कोरीव दगड भरावात जाऊ देऊ नये. हे काम पंचांनी एकट्याने करण्याचेही कारण नाही. दशलक्षण पर्वात पाठशाळेतील मुलामुलींना हे काम वाटून दिले, तर दहा दिवसांत गावच्या मंदिराची वही तयार होईल, आणि त्या मुलांना देवनागरीची जुनी वळणे, संवत आणि इसवी सन यांतील फरक, आपल्या आजोबा-पणजोबांचे गोत्र हे सारे खेळता खेळता समजेल.

रामटेकची पुढची फेरी करणाऱ्यांनी वाटेत तासभर राखून ठेवावा. कामठीला १९९९ मध्ये उभे राहिलेले ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर आहे. या भूमीतील जुन्या परंपरेचा प्रवाह आजही वाहता आहे याची ती खूण. मनसरला हिडिंबा टेकडीवर चढून विटांचे थर पाहावेत. शांतिनाथांचे दर्शन झाल्यावर गडावर जाऊन केवल नरसिंहाच्या भिंतीपाशी उभे राहावे. अक्षरे वाचता येणार नाहीत, पण ती तेथे आहेत एवढे घरातील मुलांना दाखवावे. हात मात्र लावू नये. परतीच्या वाटेवर मुलांना एकच प्रश्न विचारावा : आपल्या गल्लीतल्या मंदिरात मूलनायकांच्या पादपीठावर काय लिहिले आहे?

बहुतेक घरांत या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही. ते मिळविण्यासाठी दुसऱ्या दिवशी पहाटे, बाजार भरण्यापूर्वी, एक बॅटरी आणि एक कोरी वही घेऊन मंदिरात जाणे एवढेच उरते. कळमन्यातील माणसाला वहीचे मोल निराळे सांगावे लागत नाही.